सुताची सोबत
(द्वितीय वर्ष, कला)

महात्मा गांधींचे नाव घेतले की डोळ्यांपुढे चरखा उभा राहतो. चरखा म्हणजे स्वदेशी, चरखा म्हणजे विलायती कापडाला दिलेले उत्तर, चरखा म्हणजे खेड्यातील रिकाम्या हातांना काम, असे आपण उत्तरपत्रिकेत लिहितो आणि गुण मिळवितो. ते खोटे नाही. परंतु गांधीजींचे चरित्र वाचीत असताना आणखी एक गोष्ट वारंवार नजरेस येते. दुखणे असो, तुरुंग असो, जिवलग माणसाचा वियोग असो, चरखा त्यांच्या उशापायथ्याशी आहेच. राष्ट्राच्या हाती दिलेले हे साधन त्या एका माणसाचा खाजगी विसावाही होते. त्या बाजूने त्यांचे जीवन पाहण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. घराणे दिवाणगिरीचे. पुढे ते विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाले. अशा घरात हाताने वस्तू घडविण्याचे संस्कार कोठून असणार? ते त्यांनी वयाच्या चाळिशीत, दक्षिण आफ्रिकेत, आपणहून लावून घेतले. १९१० साली जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म सुरू झाले. त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख एका ख्रिस्ती मठात जाऊन चपला करण्याची कला शिकून आले आणि त्यांच्यापासून ती गांधीजी शिकले. पुढे तेथील तुरुंगात असताना त्यांनी चपलांचा एक जोड तयार केला आणि १९१४ साली देश सोडताना तो कोणाला भेट दिला, तर ज्यांनी त्यांना तुरुंगात घातले त्या जनरल स्मट्स यांना! स्मट्स यांनी तो जोड कित्येक उन्हाळे वापरला आणि पंचवीस वर्षांनंतर, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या गौरवग्रंथात, त्याची कृतज्ञतेने आठवण काढली. हाताने केलेली वस्तू शत्रूच्या घरातही आपले माणूस होऊन राहते, हा धडा गांधीजींना तेथेच मिळाला असावा.

चरख्याची कथा तर गमतीची आहे. १९०९ साली लिहिलेल्या ‘हिंद स्वराज’च्या काळापासून हातमाग व चरखा हे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचे औषध आहे असे ते मानू लागले होते, पण त्यांनी चरखा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता! १९१५ साली स्वदेशी परत आल्यावरही तो त्यांच्या दृष्टीस पडला नाही. त्याच वर्षी अहमदाबादजवळ कोचरब येथे आश्रम निघाला आणि तेथे माग बसविण्यात आले. आश्रमातील मंडळी पांढरपेशी किंवा व्यापारी. विणकर एकही नाही. पालनपूरहून एक माहीतगार आणला, पण तो आपली सारी विद्या शिकवीना. अखेर पुतणे मगनलाल गांधी यांनी चिकाटीने विणकाम आत्मसात केले. कापड निघू लागले, परंतु सूत मात्र गिरणीचेच.

१९१७ साली भडोचच्या शिक्षण परिषदेत गंगाबेन मजमुदार नावाच्या एक धाडसी विधवा बाई भेटल्या. चरखा शोधून काढण्याची जबाबदारी त्यांनी घेतली. गुजरातभर भटकल्यावर बडोदा संस्थानातील विजापूर येथे त्यांना तो सापडला. तेथील पुष्कळ घरांत चरखे होते, पण जळाऊ लाकडाप्रमाणे माळ्यावर पडलेले. पेळू मिळाले आणि सूत विकत घेणारा कोणी असला तर कातायला बायका तयार होत्या. पेळूंची व्यवस्था झाली आणि विजापूरचे सूत येऊ लागले. आश्रमात निघालेली पहिली खादी वाराला सतरा आणे पडली. एवढी महाग आणि इतकी जाडीभरडी! पंचेचाळीस इंच पन्ह्याचे धोतर महिन्याच्या आत मिळाले नाही तर आखूड पंचा नेसून फिरेन, अशी ताकीद गांधीजींनी गंगाबेनना दिली, आणि त्या बाईंनी ते मुदतीत विणवून आणले.

याच सुमारास, १९१८ च्या पावसाळ्यात, गांधीजी अतिसाराने मरणाच्या दारी गेले. पुढे मुंबईस शस्त्रक्रिया झाली आणि प्रकृती सुधारेपर्यंत ते गावदेवीच्या मणिभवनात राहिले. सार्वजनिक कामाची घाई, आणि शरीर तर अंथरुणाला खिळलेले. अशा वेळी त्यांच्या खोलीत चरखा आला. शिकविणारे होते मुंबईतच सापडलेले दोन कातणारे. शिकणाऱ्या मंडळींत आपल्या अवंतिकाबाई गोखले होत्या. मराठीत गांधीजींचे चरित्र प्रथम लिहिण्याचा मान याच बाईंकडे जातो. १९१८ सालच्या त्या पुस्तकाला लोकमान्यांची प्रस्तावना आहे. पुढे आत्मकथेत गांधीजींनी नमूद केले आहे की त्या चरख्याच्या गुणगुणण्याचा त्यांच्या बरे होण्यात थोडाथोडका वाटा नव्हता. परिणाम शरीरापेक्षा मनावर झाला असेल हेही ते कबूल करतात. म्हणजे चरख्याने सरकारला हादरा देण्यापूर्वी एका रोग्याच्या मनाला आधार दिला होता.

हे नवल वाटण्याजोगे आहे का? आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजची पायरी कोणी चढले नाही. परंतु जीव घाबरा झाला की आई गोधडी पुढे ओढून टाके घालू लागते, हे मी पाहिले आहे. हात एका लयीत चालू लागले की मनाची धावपळ उतरते. हे बायाबापड्यांना पूर्वीपासून ठाऊक असलेले ज्ञान एका बॅरिस्टराला पन्नाशीच्या उंबरठ्यावर गवसले, आणि ते त्याने जन्मभर सोडले नाही.

मात्र आपल्याला मिळालेला विसावा दुसऱ्याला आज्ञा करून देता येत नाही. १९२४ च्या अखेरीस गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. काँग्रेसच्या सभासदाने दरमहा दोन हजार वार सूत द्यावे असा नियम त्यापूर्वीच ठरला होता, त्यावर तेथे शिक्कामोर्तब झाले. अनेकांना तो जाचक वाटला आणि वर्षाच्या आतच तो सैल करावा लागला. रवींद्रनाथ ठाकुरांनी तर १९२५ साली उघड टीका केली की सर्वांनी एकच काम यंत्रवत करीत राहिल्याने मन बधिर होते. दोघेही थोर, दोघांचा परस्परांवर लोभ. आपल्याला वाटते, रवींद्रनाथ सक्तीच्या बाबतीत बरोबर होते. आणि गांधीजी स्वतःच्या अनुभवाच्या बाबतीत बरोबर होते. जे काम लादले असता वेठ होते, तेच आपखुशीने केले असता जप होतो.

हा जप सर्वांत अधिक उपयोगी पडला तो तुरुंगात. मार्च १९२२ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली व पुण्यास येरवड्याला ठेवण्यात आले. वाचन आणि कताई यांवर ते दिवस कंठीत. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहानंतर पुन्हा येरवडाच नशिबी आले. त्या आधी, १९२९ मध्ये, अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. चरखा हलका व नेण्याआणण्यास सोपा असावा, किंमत दीडशे रुपयांपेक्षा अधिक नसावी, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावे, अशा अटी होत्या. त्या अटींना उतरणारा चरखा काही मिळाला नाही. पण घडी करून पेटीत बसणारा एक लहान चरखा या काळात आकाराला आला आणि तुरुंगाच्या नावावरून त्याला येरवडा चक्र म्हणू लागले.

त्याची रचना सोपी आहे. पेटी उघडली की आत एक मोठे व एक लहान अशी दोन चक्रे आडवी बसविलेली असतात. मोठ्या चक्राची मूठ उजव्या हाताने फिरवायची. दोरीने लहान चक्र फिरते, लहान चक्रावरची माळ चातीला फिरविते. त्यामुळे मुठीच्या एका फेऱ्यात चाती कितीतरी वेळा गरगरते. डाव्या हातातील पेळू मागे ओढला की धागा निघतो. मग तो चातीवर गुंडाळायचा. काम झाले की झाकण लावून पेटी काखोटीला मारायची. जुना चरखा घराच्या कोपऱ्यात राहणारा. हा मालकाबरोबर प्रवासाला निघाला.

आणि प्रवास तो केवढा! ऑगस्ट १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी राजपुताना बोटीने विलायतेस निघाले. लंडनला बड्या हॉटेलात न उतरता कामगार वस्तीतील किंग्जली हॉलमध्ये म्यूरिएल लेस्टर यांच्याकडे राहिले. परिषदेत हाती काही लागेना. कताईचा नेम मात्र तेथेही चुकला नाही. सप्टेंबरच्या अखेरीस ते लँकेशायरमधील डार्वेन येथे गेले. हिंदी लोकांनी विलायती कापड टाकल्यामुळे तेथील कामगारांचा रोजगार बुडाला होता. त्या लोकांनी दगड मारले असते तर नवल नव्हते. परंतु गिरणीतील स्त्रियांनी त्यांना गराडा घालून त्यांचा जयजयकार केला. सूत काढणाऱ्यांची सुखदुःखे सूत काढणाऱ्याला समजतात, असाच याचा अर्थ घ्यायचा.

१९३२ च्या जानेवारीत तिसऱ्यांदा येरवडा. सोबतीला वल्लभभाई पटेल, नंतर महादेवभाई देसाई. कातून कातून हात दुखू लागला तेव्हा गांधीजींनी पायाने चालणारा मगन चरखा घेतला. प्रभुदास गांधींनी बनविलेल्या त्या चरख्याला मगनलालांचे नाव दिलेले होते. आश्रमात पहिल्याने विणकाम शिकणारे, चरख्यात सुधारणा करणारे मगनलाल १९२८ मध्येच पाटण्याला वारले होते. त्या मृत्यूने आपण पोरके झालो असे गांधीजींना वाटले होते. गेलेल्या पुतण्याच्या नावाचे चाक तुरुंगात फिरविताना त्यांच्या मनात काय येत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

सर्वांत कठीण काळ मात्र पुण्याच्या आगाखान महालातला. ९ ऑगस्ट १९४२ ला अटक झाली आणि सहाच दिवसांनी महादेवभाई गेले. पंचवीस वर्षांची सावली एका सकाळी नाहीशी झाली. पुढे कस्तुरबांचे हृदय कमकुवत होत गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, त्यांनी पतीच्या मांडीवर डोके ठेवून प्राण सोडला. बासष्ट वर्षांच्या संसारात गांधीजींनी बांना दागिने दिले नाहीत, उलट होते ते सार्वजनिक कामासाठी काढून घेतले. त्यावरून दोघांची कडाक्याची भांडणेही झाली होती. त्या दिवशी बांच्या अंगावर अखेरची साडी घातली गेली ती गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची. दागिना म्हणा, पातळ म्हणा, पतीने स्वहस्ते कमावून दिलेले ते लेणे होते. सुताचा एकेक तार काढायला किती वेळ लागतो हे ज्याने कातून पाहिले आहे, त्याला त्या साडीत किती दिवस विणले गेले होते याचा अंदाज येईल.

सुटकेनंतरही नेम चालू राहिला. १९४६ साली अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट त्यांचे छायाचित्र घेण्यास आल्या, तेव्हा आधी कातायला शिका, मग फोटो काढा, असे त्यांना आश्रमीयांनी सांगितले. त्या खरोखर शिकल्या, आणि मग ते जगप्रसिद्ध छायाचित्र निघाले. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत रोषणाई होती. गांधीजी कलकत्त्याच्या बेलियाघाटात, दंगलीने पोळलेल्या वस्तीत, उपवास, प्रार्थना आणि कताई करीत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिचा विवाह झाला. देण्यासारखे जवळ काहीच नसलेल्या या वृद्धाने आपल्या हातच्या सुताचे एक जाळीदार वस्त्र माउंटबॅटनांबरोबर पाठविले. वधूच्या आजीला, मेरी राणीला, तो पंचाच वाटला व ती रागावली असे सांगतात. पण स्मट्सना चपला देणारा आणि राजकन्येला सूत देणारा माणूस एकच होता; ज्यांच्याशी लढलो त्यांच्याशी नाते तोडायचे नाही, हा त्याचा बाणा होता. दोन महिन्यांनी, ३० जानेवारी १९४८ रोजी, त्यांची हत्या झाली.

गांधीजींचे अर्थशास्त्र पटो वा न पटो, त्यावर आपले प्राध्यापक व आपण वाद घालीत राहूच. परंतु एकटेपणा आपल्यालाही चुकलेला नाही. गाव सोडून वसतिगृहात राहणाऱ्याला तो संध्याकाळी विशेष भेटतो. त्यावर उपाय म्हणून चरखाच हवा असे नाही. विणकामाच्या सुया असोत, सुईदोरा असो, हातात मावेल असे कोणतेही काम असो. ते आपल्यासाठी चालते आणि त्यातून निघालेली वस्तू दुसऱ्याच्या अंगावर जाते; म्हणून ते एकट्याला एकटे ठेवीत नाही. पुण्यास जाण्याचा योग आला तर आगाखान महालाच्या आवारातील बा आणि महादेवभाई यांच्या समाध्या अवश्य पाहाव्यात, आणि त्या बंदीवासात कातल्या गेलेल्या सुताची आठवण ठेवावी.