सुलतानाच्या वैद्यांनी सांगितलेलं दम्याचं पथ्य

मैत्रिणींनो, थंडी पडायला लागली की आमच्या बचत गटाच्या बैठकीत खोकल्याचे आवाज वाढतात. परवा आमच्या एक मावशी भेटल्या, पार वाळलेल्या. दम्याच्या धास्तीने त्यांनी केळी, दही, भात, सगळी फळं सोडली होती. वर सवय लागेल म्हणून पंपही बंद! त्यांना समजावताना मला आठवले ते मायमोनिडीस. नाव परकं वाटेल, पण त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख आपल्या हिंदी महासागराशी जोडलेलं आहे.

मोझेस मायमोनिडीस हे ज्यू धर्माचे थोर पंडित. अरबीत त्यांना मूसा इब्न मैमून म्हणतात. जन्म ११३८ च्या सुमारास, स्पेनमधल्या कॉर्डोबाचा. वडील न्यायाधीश, घर विद्येचं. पण ११४८ मध्ये अल्मोहाद राजवट आली आणि ज्यूंना आपला धर्म पाळून तिथे राहणं अशक्य झालं. दहा वर्षांचं पोर घरच्यांबरोबर गावोगाव फिरू लागलं. मोरोक्कोतलं फेझ, मग पॅलेस्टाईन, शेवटी इजिप्तमध्ये कैरोजवळचं फुस्तात.

तिथे धाकट्या भावाने, डेव्हिडने, घर सांभाळलं. तो रत्नांचा व्यापारी. थोरल्याने ग्रंथ लिहावेत आणि धाकट्याने कमवावं, असं चाललं होतं. भारताकडे व्यापाराला निघालेला डेव्हिड समुद्रात बुडाला. घरचं भांडवल गेलं, लोकांचे पैसेही गेले. मागे त्याची बायको आणि लहान मुलगी. मायमोनिडीस जवळजवळ वर्षभर अंथरुणाला खिळले होते. उठले ते वैद्यकी करायलाच. वहिनी-पुतणीचं पोट आता त्यांच्यावर होतं ना! (मोठ्या माणसांच्या चरित्रात ही बाजू दोन ओळींत उरकतात. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं.)

पुढे ते सुलतान सलादीनच्या वजिराचे आणि नंतर सलादीनचा मुलगा अल-अफ्दल याचे वैद्य झाले. साधारण ११९० च्या सुमारास त्यांनी अरबीत दम्यावर पुस्तक लिहिलं, प्रकरणं तेरा. ते लिहिलं एका बड्या घरच्या रुग्णासाठी. या गृहस्थाला सर्दी झाली की धाप लागायची आणि डोकं इतकं दुखायचं की पागोट्याचं ओझंही सोसायचं नाही. काय खावं नि काय टाळावं, हे त्याला हवं होतं.

गंमत म्हणजे, एवढ्या मोठ्या रुग्णालाही त्यांनी रामबाण औषधाचं आमिष दाखवलं नाही. भर दिला तो रोजच्या राहणीवर. पोट तडस लागेपर्यंत भरू नये, दोन घास कमीच खावेत. जुनं चीज, चरबीचं मांस, जड पदार्थ टाळावेत. कोंबडीचं सूप घ्यावं. शहरातल्या कोंडलेल्या हवेपेक्षा मोकळी हवा बरी. झोप नीट हवी आणि मनही जपावं, कारण दुःखाचा परिणाम शरीरावर होतो. वर्षभर अंथरुणात काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं. शेवटी चुकीच्या उपचारांबद्दल इशाराही आहे. वैद्यांनी औषधाची मात्रा जास्त दिल्याने एका राजाचा जीव गेल्याची हकिकत ते सांगतात.

स्वतःचं पथ्य मात्र कसलं सांभाळणार! रोज सकाळी जनावरावर बसून कैरोला राजवाड्यात जायचं, दुपार टळल्यावर भुकेलेलं परत यायचं, तर दारात रुग्णांची गर्दी. चार घास घाईने खाऊन रात्र पडेपर्यंत तपासायचं. शेवटी थकून आडवं पडून बोलायचे. ११९९ च्या एका पत्रात त्यांनी हा दिनक्रम लिहून ठेवलाय. १२०४ मध्ये ते गेले.

मावशींना मी हे सगळं सांगितलं, आणि हेही की त्यांच्या काळी पंप नव्हता, तो १९५६ मध्ये आला. आज डॉक्टरांनी दिलेला पंप आहारासाठी सोडायचा नसतो. त्याची सवय लागत नाही. फळं-भाज्या भरपूर खायच्या, वजन आटोक्यात ठेवायचं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर खरंच त्रास होत असेल तर वहीत लिहून डॉक्टरांना दाखवायचं आणि तेवढाच टाळायचा. सगळी केळी-दही सरसकट बंद करून अंगात ताकद कुठून येणार?

मावशींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, त्या माळकरी, तर कोंबडीच्या सुपाचं काय करायचं? मी म्हटलं, मुगाचं गरम कढण घ्या. मायमोनिडीस काही कडधान्यांना जड म्हणायचे खरे, पण मुगाच्या कढणाला आजचे डॉक्टर नाही म्हणत नाहीत. मावशी हसल्या, हसताना थोडी धाप लागली, आणि पिशवीतून पंप काढला. तो त्यांनी टाकून दिला नव्हता तर!