समाजी हसाजी दिवेकर

दापोली तालुक्यातील मुरुडच्या वाळवंटावरून उत्तरेस निघाले, तर हर्णै, आंजर्ले, केळशी ही गावे लागतात. पुढे बाणकोटची खाडी उतरली म्हणजे श्रीवर्धन व दिवेआगर. त्या बाजूच्या कोकणपट्टीत बेने इस्राएल लोक शेकडो वर्षे तेलाचे घाणे चालवीत असत. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावे गावांवरून पडली. केहीमचे ते केहीमकर, दिव्याचे ते दिवेकर. त्या दिवेकरांपैकी एका पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचे शास्त्रोक्त नाव शमुवेल यहेज्केल. मराठी बोलीत त्याचेच समाजी हसाजी झाले. त्यांच्या पूर्वजांची स्थिती आपल्या खेड्यांतील मंडळ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांच्यापाशी मोशेचे ग्रंथ नव्हते, धर्मगुरू नव्हता, सभास्थान नव्हते, हिब्रू कोणास वाचता येत नव्हती. तथापि शब्बाथ, आठव्या दिवशीची सुंता, पंख व खवले नसलेली मासळी वर्ज्य करणे आणि शमा नावाची एक प्रार्थना एवढे त्यांनी सोडले नाही. सुंता असो की लग्न, मुखी तीच प्रार्थना.

शमा म्हणजे ऐक. अनुवादाच्या 6 व्या अध्यायात ती वाचावी. परमेश्वर एकच, हा तिचा गाभा. यहूदी लोक एक या शब्दाचा अर्थ फार काटेकोर करितात. देवाचे भाग नाहीत, त्यास शरीर नाही, आदि नाही, अंत नाही. म्हणून त्याची मूर्ती होऊ शकत नाही व त्याच्यावाचून दुसऱ्या कोणाची प्रार्थना करणे योग्य नाही. बाराव्या शतकातील त्यांचे थोर पंडित मोशे मैमोनिदेस यांनी धर्माची 13 मूलतत्त्वे मांडिली, त्यांत ही अगदी आरंभी येतात. हाच देव न्यायी आहे आणि दयाळूही आहे. मार्काच्या 12 व्या अध्यायात प्रभूने शमा हीच पहिली आज्ञा म्हणून सांगितली, हे आपणांस ठाऊक आहे. मात्र पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांविषयी आपण जे मानितो, ते यहूद्यांस मान्य नाही. हा भेद झाकून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही.

आता चरित्राकडे वळू. दिवेकर कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत अंमलदार होते. हैदर अली व टिपू यांच्याशी 1780 ते 1784 पर्यंत युद्ध चालले, त्यात ते म्हैसूरकरांच्या हाती सापडले. बेने इस्राएलांत परंपरेने अशी हकीकत सांगतात की, कैद्यांस मारण्याची वेळ आली तेव्हा त्यांची जात विचारण्यात आली. त्यांनी आपण बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची संतती, असे सांगितले. ते नाव कुराणात आले असल्याचे टिपूच्या मातेस ठाऊक होते. तिने रदबदली करून त्यांचे प्राण वाचविले. ही गोष्ट दप्तरात पाहून आम्ही लिहीत नाही, ऐकीव आहे. परंतु जे नाव घेऊन ते कोकणातून आले होते, तेच त्यांनी मृत्यूपुढे सांगितले, असे त्यांचे लोक मानितात, आणि या गोष्टीत आम्हांस तेवढेच मोठे वाटते.

कैदेत असता, सुटलो तर परमेश्वराच्या उपासनेसाठी घर बांधीन, असा नवस त्यांनी केला होता म्हणतात. सुटून आल्यावर 1796 साली त्यांनी मुंबईस मांडवी भागात बेने इस्राएलांचे पहिले सभास्थान बांधिले. त्यास शाअर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार, हे नाव आहे. सभास्थानास हे लोक मशीदच म्हणत, यास्तव ती जुनी मशीद झाली. अशा घरात मूर्ती नसते, चित्र नसते. यरुशलेमेकडील भिंतीशी, म्हणजे आपल्या देशातून पश्चिमेस, एक कपाट असते. त्यात कातड्यावर हाताने लिहिलेल्या नियमशास्त्राच्या गुंडाळ्या ठेवितात. सर्वांची तोंडे तिकडे.

तशा गुंडाळ्या मुंबईस कोठून मिळाव्या? त्या आणण्यासाठी दिवेकर स्वतः कोचीनच्या यहूद्यांकडे गेले, आणि 1797 साली तेथेच मरण पावले. सभास्थान उभे राहून पुरते दुसरे वर्षही झाले नव्हते. पुढे 1826 साली कोचीनहून शिक्षक कोकणात आले. 1832 साली डॉक्टर जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापिले, आणि घाणेवाल्यांची मुले शमाची अक्षरे आपल्या डोळ्यांनी वाचू लागली. सभास्थान 1860 साली आताच्या जागी, सॅम्युएल स्ट्रीटवर, नेण्यात आले. बांधणाऱ्याची कबर मात्र कोचीनच्या भूमीत राहिली.