रुग्णालाच न सांगितलेला आजार

६ नोव्हेंबर १९५१. अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्सला लागून असलेल्या आवेयानेदा शहरातले एक नवेकोरे रुग्णालय. शस्त्रक्रियेच्या टेबलावरील रुग्ण होती ३२ वर्षांची. तिला भूल दिली गेली, ती पूर्ण झोपली आणि मगच एक अमेरिकी सर्जन आत आले. डॉ. जॉर्ज पॅक हे न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील कर्करोगाचे नावाजलेले शल्यचिकित्सक. काम आटोपून, रुग्णाला शुद्ध येण्याआधीच ते निघून गेले. शस्त्रक्रिया स्थानिक डॉक्टरांनीच केली, असे तिला सांगण्यात आले. आपल्याला कर्करोग आहे, हेही तिला कोणी सांगितले नव्हते.

ही रुग्ण म्हणजे अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी एव्हा पेरॉन, लोकांची लाडकी एव्हिता. ते रुग्णालय तिच्याच संस्थेने उभारलेले होते.

एव्हाचा जन्म ७ मे १९१९ रोजी लोस तोल्दोस या खेडेवजा गावात झाला. आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते. वडिलांचे दुसरे, कायदेशीर कुटुंब होते. त्या काळात असल्या मुलांना गावात काय ऐकावे लागत असेल, हे वेगळे सांगायला नको. पंधराव्या वर्षी ती अभिनेत्री होण्यासाठी राजधानीत आली. सिनेमात फारसे जमले नाही, पण रेडिओवरील श्राव्य मालिकांनी तिला नाव आणि पैसा दिला. जानेवारी १९४४ मध्ये भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या एका कार्यक्रमात तिची भेट कर्नल हुआन पेरॉन यांच्याशी झाली. पुढच्या वर्षी दोघांचे लग्न झाले आणि १९४६ मध्ये पेरॉन राष्ट्राध्यक्ष झाले.

त्यानंतरची सहा वर्षे एव्हिता अक्षरशः धावत होत्या. १९४७ मध्ये अर्जेंटिनातील स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला, त्यामागे त्यांचा मोठा रेटा होता. १९४८ मध्ये त्यांच्या नावाची मदतसंस्था उभी राहिली. तिने रुग्णालये, शाळा, वृद्धाश्रम बांधले. स्वतः एव्हिता रात्री उशिरापर्यंत रांगेत उभ्या असलेल्या गरिबांना भेटत. त्या पैशांचा हिशेब, विरोधकांची मुस्कटदाबी यांवर टीकाही पुष्कळ झाली आणि ती निराधार नव्हती. पण गरिबांच्या घरात त्यांचा फोटो देवाशेजारी लागे, हेही खरेच.

९ जानेवारी १९५० रोजी टॅक्सीचालकांच्या संघटनेच्या कार्यक्रमात त्यांना भोवळ आली. तीनच दिवसांनी त्यांचे अपेंडिक्स काढण्यात आले. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ऑस्कर इव्हानिसेव्हिच हे पेरॉन यांचे शिक्षणमंत्रीही होते. गर्भाशयात काहीतरी बिघडले असावे, अशी शंका तेव्हाच आली होती आणि एव्हितांनी पुढची तपासणी झिडकारली, असे नंतर सांगितले गेले. याबाबत इतिहासकारांत एकमत नाही. एवढे मात्र निश्चित, की त्यानंतरही त्यांनी काम कमी केले नाही. अशक्तपणा, रक्तस्राव, पोटातले दुखणे हे सगळे अंगावर काढत त्या दीड वर्ष फिरत राहिल्या.

२२ ऑगस्ट १९५१ रोजी राजधानीत अफाट सभा झाली. एव्हितांनी उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवावी, असा लोकांचा आग्रह होता. ३१ ऑगस्टला त्यांनी रेडिओवरून नकार कळवला. लष्कराचा विरोध हे एक कारण, खालावलेली तब्येत हे दुसरे. त्याच सुमारास बायोप्सी झाली आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे स्पष्ट झाले. जनतेला सांगण्यात आले, की बाईंना रक्तक्षय झाला आहे.

आधी रेडियमचे उपचार झाले, नंतर डॉ. पॅक यांची शस्त्रक्रिया. पाच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला निवडणूक होती. अर्जेंटिनातील स्त्रिया राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदाच मत देत होत्या आणि एव्हितांनी ते रुग्णालयातील खाटेवरूनच दिले. पण काही महिन्यांतच कर्करोग परतला. त्यांना नायट्रोजन मस्टर्ड हे तेव्हाचे अगदी नवे औषध देण्यात आले. केमोथेरपी मिळालेल्या अर्जेंटिनातील पहिल्या काही रुग्णांत त्यांची गणना होते. ४ जून १९५२ रोजी पेरॉन यांच्या दुसऱ्या शपथविधीच्या मिरवणुकीत त्या उघड्या मोटारीत उभ्या राहिल्या. फरच्या कोटाखाली त्यांना आधार देणारा सांगाडा बसवला होता, असे चरित्रकार लिहितात. घटते वजन त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून वजनकाट्यात फेरफार केला होता, असेही सांगतात. २६ जुलै १९५२ रोजी, ३३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ही लपवाछपवी केवळ राजकारणामुळे झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रुग्णाला कर्करोगाचे नाव न सांगणे ही तेव्हा वैद्यकाची रीतच होती. १९६१ मध्ये शिकागोतील एका रुग्णालयाच्या डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा दहापैकी नऊ डॉक्टरांनी आपण रुग्णाला निदान सांगत नाही, असे कळवले होते. (नातेवाइकांनी दाराबाहेर डॉक्टरांना गाठून, त्यांना सांगू नका हं, अशी विनवणी करणे अजूनही बंद झालेले नाही.) त्यात आजार शरीराच्या अशा भागाचा, की ज्याचे नाव चारचौघांत घेतले जात नाही. गंमत अशी, की हा कर्करोग लवकर ओळखण्याची पद्धत तोवर तयार होती. न्यूयॉर्कमध्ये काम करणारे ग्रीक डॉक्टर जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन तपासण्याची रीत १९४३ मध्ये पुस्तकरूपाने मांडली होती. तीच आजची पॅप तपासणी. पण ती सर्वसामान्य स्त्रियांपर्यंत पोहोचायला आणखी बरीच वर्षे लागायची होती.

एक गोष्ट मात्र तेव्हा कोणालाच माहीत नव्हती. पेरॉन यांच्या पहिल्या पत्नी ऑरेलिया १९३८ मध्ये वारल्या, त्याही गर्भाशयाच्या कर्करोगाने. तो गर्भाशयमुखाचाच होता, असे काही अभ्यासक मानतात. एकाच पुरुषाच्या दोन पत्नी तरुण वयात अशा गेल्या, याकडे पुढे अनेकांचे लक्ष गेले. कारण १९८३ मध्ये जर्मनीतील हाराल्ड त्सूर हाउसेन यांच्या प्रयोगशाळेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचा, म्हणजे एचपीव्हीचा, १६ क्रमांकाचा प्रकार शोधला. पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा सापडला. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हा विषाणू लैंगिक संबंधातून, त्वचेच्या निकट स्पर्शातून पसरतो आणि पुरुषाच्या शरीरात कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो. तरी दोन मृत्यूंवरून पेरॉन यांच्यावर ठपका ठेवणे चुकीचे आहे. एचपीव्ही इतका सर्रास आढळतो, की बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हातरी होऊन जातो. शरीर तो साधारण एक-दोन वर्षांत घालवते. थोड्यांच्या शरीरात तो ठाण मांडतो आणि कर्करोग व्हायला बहुधा १५-२० वर्षे जातात. त्याचा चारित्र्याशी संबंध जोडणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की आयुष्यभर एकच जोडीदार असलेल्या व्यक्तीलाही तो होऊ शकतो.

हाच विषाणू, विशेषतः १६ क्रमांकाचा, गुदद्वाराच्या कर्करोगालाही कारणीभूत आहे. दर दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत त्याचाच हात असतो. गर्भाशयमुखात दोन प्रकारच्या पेशींची एक सीमारेषा असते आणि विषाणूला ती जागा मानवते. तशीच सीमारेषा गुदमार्गातही असते. त्यामुळे ज्या स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था होऊन गेली आहे, त्यांना गुदद्वाराच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. एचआयव्ही असलेले, अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे आणि समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष यांनाही तो अधिक होतो. मात्र त्यासाठी गुदमैथुन झालेलेच असते, असे नाही.

एकूण कर्करोगांत हा आजार तसा विरळ. पण एव्हितांच्या वेळी जे घडले, ते इथे रोज घडते. शौचाच्या वेळी रक्त पडते, खाज येते, बसताना दुखते, हाताला गाठ लागते. रुग्ण स्वतःच मूळव्याध ठरवतो, दुकानातून मलम आणतो आणि लाजेपोटी सहा महिने काढतो. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते; पण ते ठरवायला डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने तपासावे लागते. दोन मिनिटांची ही तपासणी कित्येकदा होतच नाही. रुग्ण संकोचतो आणि कधीकधी डॉक्टरही. संशय आला तर बायोप्सी करतात. पापानिकोलाऊंची काचपट्टी आता गुदमार्गासाठीही वापरली जाते, मुख्यतः जास्त धोका असलेल्यांसाठी. एचआयव्ही असलेल्या रुग्णांमध्ये पूर्वावस्थेतच उपचार केले तर कर्करोगाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने २०२२ मध्ये दाखवले.

उपचारही बदलले. पूर्वी गुदद्वार काढून पोटावर कायमची पिशवी लावण्यावाचून गत्यंतर नसे. १९७४ मध्ये डेट्रॉइटचे सर्जन नॉर्मन निग्रो यांनी शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी आणि किरणोपचार एकत्र दिले आणि गाठ पूर्ण नाहीशी झाल्याचे त्यांना आढळले. आज बहुतेक रुग्णांवर याच मार्गाने उपचार होतात आणि अनेकांची शस्त्रक्रिया टळते. अमेरिकी अभिनेत्री फॅरा फॉसेट यांना २००६ मध्ये हा कर्करोग झाला. त्यांनी तो नावानिशी जाहीर केला, उपचारांचे चित्रीकरण करून ते टीव्हीवर दाखवू दिले. २००९ मध्ये त्या गेल्या, पण तोवर कित्येकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला होता.

एव्हितांच्या वाट्याला मृत्यूनंतरही लपणेच आले. जतन केलेला त्यांचा देह १९५५ मध्ये पेरॉन यांना उलथवणाऱ्या लष्कराने पळवला आणि इटलीतील मिलान येथे दुसऱ्याच बाईच्या नावाने पुरला. तो पेरॉन यांना परत मिळाला १९७१ मध्ये. १९७६ पासून तो ब्युनोस आयर्सच्या रेकोलेता दफनभूमीत आहे.

एचपीव्हीवरची पहिली लस २००६ मध्ये आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या भारतीय लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. विषाणूशी गाठ पडण्याआधी, म्हणजे ९ ते १४ वर्षांच्या वयात ती घेतली तर सर्वाधिक उपयोग होतो. अर्जेंटिनाने २०११ पासून अकरा वर्षांच्या मुलींना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. २०१७ मध्ये त्यात त्याच वयाचे मुलगेही आले.