विश्लेषण : डिझेल पिकअपला सिंथेटिक ऑइल हवेच का? रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन काय सांगते?

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे सेनापती प्रतापराव गुजर यांच्या स्मारकामुळे सर्वदूर परिचित असलेले गाव. या भागातून भाजीपाला, काजू, गूळ, चारा घेऊन निघणारे छोटे पिकअप कधी गडहिंग्लज-बेळगावकडे जातात, तर कधी आजऱ्यामार्गे आंबोली घाट उतरून कोकणात. भरलेल्या गाडीला चढ-उतार चुकत नाहीत आणि हप्ते चालू असताना इंजिन बसले, तर घरचे सगळे गणित बिघडते. म्हणूनच ऑइल बदलण्याची वेळ आली की गॅरेजमध्ये प्रश्न निघतो : नेहमीचे घालायचे की महागडे सिंथेटिक? याचे उत्तर डब्याच्या किमतीवरून मिळत नाही. डिझेल इंजिन मुळात कसे चालते, यावर ते अवलंबून आहे आणि ती गोष्ट सुरू होते रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यापासून.

रुडॉल्फ डिझेल कोण होते?

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवत. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथे पैशाची ओढाताण होती. त्यामुळे बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबर्ग येथे नातेवाईकांकडे पाठवण्यात आले. हे नातेवाईक गणिताचे शिक्षक होते. मुलाने अभियंता व्हायचे, हे तिथेच ठरले.

पुढे शिष्यवृत्तीवर त्यांनी म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळवला. विषमज्वरामुळे अंतिम परीक्षा हुकली. पण १८८० मध्ये ती देऊन ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले. शीतकरण यंत्रांचे जनक कार्ल फॉन लिंडे हे त्यांचे प्राध्यापक. त्यांच्याच बर्फ कारखान्याच्या कामासाठी रुडॉल्फ पुन्हा पॅरिसला गेले. पोटापाण्याचा व्यवसाय बर्फाचा, पण डोक्यात विचार उष्णतेचा, अशी त्यांची पुढची दहा वर्षे गेली.

इंजिनाची कल्पना कशी सुचली?

त्या काळातील वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामात आणत असे. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि वाफेतून वाया जाई. लिंडे यांच्या वर्गात हे ऐकल्यापासून रुडॉल्फ यांना या नासाडीने पछाडले. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे सर्वांनी अनुभवलेले असते. हवा दाबली की तापते. मग ती इतकी दाबली, की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटेल, तर ठिणगीची गरजच राहणार नाही आणि इंधनातील अधिक उष्णता कामी येईल, असा त्यांचा विचार होता.

१८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ते मिळाले. ऑग्सबर्गचा यंत्र कारखाना आणि क्रुप ही पोलाद कंपनी यांनी प्रयोगांना पैसा पुरवण्याची तयारी दाखवली. मात्र कागदावर मांडलेला प्रचंड दाब त्या वेळच्या धातूला आणि जोडांना पेलणारा नव्हता. त्यामुळे मूळ आराखड्यात त्यांना बरेच बदल करावे लागले. हे बदल पुढे टीकाकारांच्या हातातले कोलीत ठरले.

पहिले इंजिन चालायला किती काळ लागला?

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या चाचणीत इंधन पेटले, पण दाब इतका उसळला की तो मोजणारे उपकरणच फुटले. यंत्र चालले नाही; मात्र ठिणगीविना ज्वलन होते, हे सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी सुधारित इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर फिरले, तेही साधारण मिनिटभर. त्यानंतर आणखी तीन वर्षे इंधन आत सोडण्याची पद्धत, झडपा, पिस्टनची हवाबंद बैठक यांवर काम चालले.

फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरित्झ श्र्योटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. सुमारे १८ अश्वशक्तीच्या त्या एक सिलिंडरच्या इंजिनाने इंधनातील २६ टक्क्यांहून अधिक उष्णता कामात आणली. वाफेच्या इंजिनाच्या तुलनेत ही झेप मोठी होती. देशोदेशीच्या उद्योगांनी परवाने घेतले. अमेरिकेतील हक्क मद्य उद्योजक अडॉल्फस बुश यांनी विकत घेतले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर या प्रकारचे एक इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवण्यात आले.

यश मिळूनही शेवट दुर्दैवी का ठरला?

प्रयोगशाळेत नीट चालणारे इंजिन गिऱ्हाईकाच्या कारखान्यात वरचेवर बंद पडू लागले. घाईने बाजारात आणलेल्या यंत्रांमुळे तक्रारी वाढल्या. ऑग्सबर्गमध्ये उभारलेला नवा कारखाना तोट्यात गेला. पेटंटवरून वाद झाले. कामाच्या ताणाने रुडॉल्फ यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना काही काळ उपचार घ्यावे लागले. मिळालेला पैसा जमीन आणि इतर व्यवहारांत अडकला, बुडाला. म्युनिकमधील आलिशान घर बाहेरून वैभव दाखवत होते, पण आत कर्जाचा डोंगर होता.

दुसरीकडे त्यांचे इंजिन मात्र पुढे जात होते. १९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे डिझेल इंजिनावरचे डॅनिश जहाज लांबच्या समुद्रप्रवासाला निघाले. २९ सप्टेंबर १९१३ रोजी रुडॉल्फ डिझेल अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीत चढले. रात्री जेवण करून ते आपल्या खोलीकडे गेले आणि सकाळी तिथे नव्हते. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. त्यावरील वस्तू मुलाने ओळखल्या. आर्थिक विवंचनेतून त्यांनी जीवन संपवले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. घातपाताच्या कथाही तेव्हापासून चालत आल्या आहेत. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते.

डिझेल इंजिन गाडीत आणि शेतात कसे आले?

रुडॉल्फ यांच्या इंजिनाला इंधन फवारण्यासाठी अवजड हवेचा कॉम्प्रेसर लागे. त्यामुळे ते कारखाने आणि जहाजांपुरतेच राहिले. १९२० च्या दशकात जर्मनीत डिझेल ट्रक आले आणि १९२७ पासून बॉशच्या इंधन पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाल्यावर हे इंजिन गाडीत मावू लागले. महाराष्ट्रात शंतनुराव किर्लोस्कर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. वीज न पोहोचलेल्या विहिरींवर आणि नदीकाठी डिझेल इंजिनचे पंप धडधडू लागले. डिझेल इंजिनाची आणि त्यातल्या काळ्या ऑइलची ओळख अनेक शेतकरी कुटुंबांना अशी पिकअपच्या आधीच झाली.

ऑइलचा प्रश्नही याच प्रवासात पुढे आला. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरमध्ये पिस्टनच्या रिंगा चिकटून बसू लागल्या. साधे खनिज तेल उष्णतेत जळून चिकट थर तयार करत होते. तेव्हा घाण धुऊन काढणारी रसायने मिसळलेले, खास डिझेल इंजिनासाठीचे तेल बाजारात आले. डिझेलचे ऑइल वेगळे, ही गोष्ट तिथून रूढ झाली.

डिझेल इंजिनाला वेगळे ऑइल का लागते?

हवा प्रचंड दाबून तापवणे, हे या इंजिनाचे बलस्थान आहे आणि त्रासाचे मूळही. दाबामुळे पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगवर जास्त भार येतो. इंधन ठिणगीविना, फवाऱ्याच्या स्वरूपात जळत असल्याने काजळी तयार होते आणि तिचा काही भाग ऑइलमध्ये उतरतो. ही काजळी एकत्र गोळा होऊ न देता तरंगत ठेवणे, ज्वलनातून तयार होणारे आम्ल मारणे आणि झीज रोखणे ही डिझेल ऑइलची कामे आहेत. म्हणूनच बदलल्यानंतर थोड्याच दिवसांत ऑइल काळे दिसू लागले, तर ते खराब झाले असे नाही. उलट ते काजळी धरून ठेवत असते.

आजच्या पिकअपमध्ये टर्बोची भर पडली आहे. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि त्याला थंडावा देण्याचे कामही मुख्यतः ऑइलच करते. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद केले, तर तिथले ऑइल जागीच करपते. त्याआधी मिनिटभर इंजिन नुसते चालू ठेवण्याचा सल्ला त्यासाठीच दिला जातो.

सिंथेटिक म्हणजे नेमके काय?

खनिज तेल हे कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले असते. त्यातील रेणू लहान-मोठे आणि नाना आकारांचे असतात. सिंथेटिकमध्ये हे रेणू रासायनिक प्रक्रियेने घडवलेले, त्यामुळे बरेचसे सारखे असतात. मात्र ‘सिंथेटिक’ नावाने मिळणारे सर्व ऑइल एकसारखे नसते. काही पूर्णपणे घडवलेल्या रेणूंपासून बनते, तर बरेचसे खनिज तेलावरच खोलवर प्रक्रिया करून तयार केले जाते. ‘सेमी सिंथेटिक’ हे मिश्रण असते. चांगले सिंथेटिक जास्त उष्णतेत लवकर पातळ होत नाही, कमी जळते आणि थंड इंजिनात झटकन वर पोहोचते.

पिकअपसाठी निवड कशी करावी?

पहिली पायरी म्हणजे गाडीसोबत मिळालेली पुस्तिका. त्यात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात : ऑइलचा दर्जा आणि त्याचा घट्टपणा. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पद्धतीत डिझेल ऑइलची श्रेणी ‘सी’ने सुरू होते. सीएच-४, सीआय-४, सीजे-४, सीके-४ असा हा चढता क्रम. ‘एस’ने सुरू होणारी श्रेणी पेट्रोल इंजिनाची. युरोपीय मानकांचा उल्लेख असेल, तर तोही पाहावा.

१५डब्ल्यू-४० मध्ये पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापलेल्या इंजिनातला घट्टपणा सांगतो. १५डब्ल्यू ऑइलची थंडीतील चाचणी उणे २० अंशांना होते. नेसरीतील हिवाळ्याची पहाट कितीही बोचरी असली, तरी एवढ्या थंडीची इथे चिंता नाही. त्यामुळे जुन्या, टर्बो नसलेल्या किंवा साध्या टर्बोच्या गाडीला पुस्तिकेत सांगितलेले चांगले खनिज १५डब्ल्यू-४० वेळेवर बदलत राहिले, तरी पुरते. महागडे सिंथेटिक घालून ते दुप्पट अंतर चालवण्यापेक्षा हे अधिक सुरक्षित.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. अडकलेली काजळी तिथे जाळून टाकली जाते. पण ऑइलमधील रसायनांची राख जळत नाही, ती साचत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. जुन्या श्रेणीचे स्वस्त ऑइल घातल्यास इंजिन लगेच तक्रार करणार नाही, पण फिल्टर लवकर तुंबेल आणि तो बदलणे खर्चिक असते. अशा गाडीला पुस्तिकेत सिंथेटिक सांगितले असेल, तर तिथे काटकसर करू नये.

जवळच्या जवळ फेऱ्या मारणाऱ्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी. फिल्टरमधील काजळी जाळण्याची प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली, तर जादा डिझेल ऑइलमध्ये उतरू शकते. डिपस्टिकवर पातळी खाली जाण्याऐवजी वर चढलेली दिसली, तर ऑइल वाढले म्हणून समाधान न मानता गाडी दाखवून घ्यावी. ऑइलसोबत फिल्टर बदलणे, सीलबंद डबा बिलासह घेणे आणि रिकामा डबा भोक पाडून टाकणे, ही सवयही मोलाची.

निवडीचा क्रम असा : आधी दर्जा, मग घट्टपणा, त्यानंतर बदलण्याचे अंतर आणि सर्वात शेवटी खनिज की सिंथेटिक हा प्रश्न. ऑग्सबर्गच्या इंजिनाने दाबाच्या बळावर इंधन वाचवले. नेसरीच्या पिकअपमध्ये आजही तोच दाब काम करतो आणि तो पेलण्याची जबाबदारी त्या काही लिटर ऑइलवर असते.