विरोधी बाकावरचा सहकारी : बॅ. नाथ पै

बेळगावच्या मराठी माणसाला बॅरिस्टर नाथ पै आठवतात ते प्रामुख्याने वक्ते म्हणून. हे स्वाभाविक आहे. परंतु वक्तृत्वाच्या या आठवणीखाली त्यांच्या संसदीय कार्याचा एक महत्त्वाचा भाग झाकला गेला आहे. ज्या पक्षाशी ते आयुष्यभर झुंजले, त्याच पक्षाला त्यांनी एका मूलभूत प्रश्नावर आपल्या बाजूस कसे वळविले, ती हकिगत या स्मरणग्रंथात नोंदविणे उचित ठरेल.

नाथ पैंचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्याचा. बालपण आणि शिक्षण बेळगावात, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९४२ च्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. स्वातंत्र्यानंतर ते कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस गेले आणि तेथे असतानाच आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले. ऑस्ट्रियाच्या क्रिस्टल या त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. १९६२ आणि १९६७ मध्येही तोच कौल मिळाला.

त्यांचा विरोध नाममात्र नव्हता. १९६० च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपाच्या नेत्यांत ते होते. गोव्याच्या मुक्तीसाठी सरकारला ते सतत टोचणी लावीत. बेळगावच्या सीमाप्रश्नावर तर त्यांना मौन ठाऊकच नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात यशवंतराव चव्हाण एका बाजूस आणि नाथ पै दुसऱ्या बाजूस होते. तेच यशवंतराव १९६६ च्या अखेरीस देशाचे गृहमंत्री झाले.

अशा स्थितीत २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. अकरा न्यायमूर्तींपैकी सहा एका बाजूस, पाच दुसऱ्या. मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला यापुढे करता येणार नाही, असे बहुमताने ठरले. जमीनसुधारणांचे कायदे मालमत्तेच्या हक्काशी वारंवार अडखळत होते, हे ज्यांनी पाहिले होते त्यांना या निकालाचे गांभीर्य तत्काळ कळले. नाथ पैंनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्येच एक खासगी विधेयक मांडले : घटनेतील कोणतेही कलम दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे ३६८ व्या कलमात स्पष्ट करावे.

येथे थोडे गणित पाहिले पाहिजे. घटनादुरुस्तीला उपस्थित सदस्यांचे दोन-तृतीयांश मत लागते. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला ५२० पैकी २८३ जागा मिळाल्या होत्या; म्हणजे सत्ताधाऱ्यांना एकट्याने हे काम अशक्य, आणि प्रजासमाजवादी पक्षाच्या मूठभर सदस्यांना तर स्वप्नातही नव्हे. शिवाय खासगी विधेयकांच्या वाट्याला शुक्रवारचे अडीच तास तेवढे येतात. तरीही सरकारने या विधेयकाला अनुकूलता दाखविली आणि ते संयुक्त समितीकडे गेले. समितीचे अध्यक्ष होते काँग्रेसचे र. के. खाडिलकर. सीमाप्रश्नी ज्या सरकारशी त्यांचा उभा दावा, त्याच सरकारच्या बाकांवरून त्यांना होकार मिळत होता. १९६७ च्या ऑगस्टमध्ये महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवण्याची शिफारस केली, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या. एका प्रश्नाचा राग त्यांनी दुसऱ्या प्रश्नावर काढला नाही. मला यात त्यांचे मोठेपण दिसते. वक्तृत्व त्यापुढे दुय्यम.

याची किंमतही द्यावी लागली. समाजवाद्यांच्याच दुसऱ्या गोटातून, डॉ. राममनोहर लोहिया आणि मधू लिमये यांच्याकडून, या विधेयकाला कडाडून विरोध झाला. बहुमताच्या हाती नागरिकांचे हक्क सोपविणे धोक्याचे, हा त्यांचा आक्षेप. नाथ पैंची भूमिका अशी, की लोकांनी निवडलेल्या संसदेवर अविश्वास दाखवून हक्क सुरक्षित राहत नाहीत. त्यांचे खरे रक्षण जागृत लोकमत करते. १९७५ ची आणीबाणी आणि १९७६ ची बेचाळिसावी घटनादुरुस्ती पाहिल्यानंतर टीकाकार अगदीच चुकले होते, असे आज म्हणवत नाही. नाथ पैंना तो काळ पाहावा लागला नाही. ते असते तर कोठे उभे राहिले असते, याविषयी मात्र मला तिळमात्र शंका नाही.

समितीचा अहवाल १९६८ मध्ये आला, चर्चा झाल्या, चर्चा लांबल्या. १९६९ मध्ये काँग्रेसच दुभंगली आणि २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाल्याने विधेयकही संपले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ जानेवारी १९७१ रोजी, नाथ पै बेळगावच्या हुतात्मा दिनाच्या सभेत बोलले. हृदयविकार जुना होता. त्याच रात्री त्रास सुरू झाला आणि १८ जानेवारीला, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, याच गावात त्यांचे निधन झाले.

मार्चमधील निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला दोन-तृतीयांशांहून अधिक जागा मिळाल्या. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लोकसभेने चोविसावी घटनादुरुस्ती संमत केली; तिचा गाभा नाथ पैंच्या विधेयकाचाच होता. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ती वैध ठरविली, परंतु घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही, अशी मर्यादाही घातली. राजापूरच्या जागेवर तोवर प्रा. मधू दंडवते निवडून आले होते.