उद्योगमहर्षी वालचंद आणि कुर्ल्याची मोटार

कुर्ला आणि विद्याविहार यांच्या दरम्यान प्रीमियर रोड नावाचा एक रस्ता आहे. ज्या कारखान्यावरून त्याला हे नाव मिळाले, तो आता तेथे नाही. त्या कारखान्याचे स्वप्न पाहणाऱ्या वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव मुंबईकरांना दक्षिण मुंबईतील मार्गामुळे ठाऊक असते. मात्र घाटकोपर-मुलुंडकडे जाणाऱ्या या पट्ट्याशी त्यांचा संबंध किती निकटचा होता, याची आठवण फारशी ठेवली जात नाही. भारी मोटार विकत घेणे सोपे, पण ती चालती ठेवणे कठीण, या व्यावहारिक सत्याला त्यांच्या जीवनकार्यात मोठे स्थान होते.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात झाला. सावकारी आणि कापसाचा घरचा व्यापार त्यांना रुचला नाही. रेल्वेतील नोकरी सोडून आलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्यासह त्यांनी ठेकेदारी सुरू केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाने जम बसविला. पुढे भोर घाटातील रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारी जलवाहिनी अशी मोठी कामे त्यांच्या हातून झाली. 1926 मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना केली.

ऐश्वर्यसंपन्न यंत्राची दुसरी बाजू त्यांना प्रथम समुद्रावर दिसली. 1919 मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून लॉयल्टी हे जहाज घेतले आणि त्यातून सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. मूळचे एम्प्रेस ऑफ इंडिया नावाचे हे जहाज एके काळी पॅसिफिक महासागरावरील आलिशान प्रवासी जहाज होते. 5 एप्रिल 1919 रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले. त्याच दिवसाच्या स्मरणार्थ देशात राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. परंतु जहाजाचे वय तेव्हा सुमारे 28 वर्षांचे होते. 1921 मध्ये ते उभे करून ठेवावे लागले आणि 1923 मध्ये मोडीत निघाले. कंपनीने त्यानंतर मालवाहतुकीवर भर दिला आणि ती तगली.

मोटारींच्या क्षेत्रातही परिस्थिती परावलंबनाचीच होती. 1928 पासून जनरल मोटर्स मुंबईत मोटारी जोडून विकत असे. सुटे भाग परदेशातून पेट्यांत भरून येत आणि येथे फक्त जोडले जात. मोटार संस्थानिकाची असो वा गिरणीमालकाची, तिचा एखादा महत्त्वाचा भाग निकामी झाला की बोटीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. मोटार याच देशात घडली पाहिजे, असा आग्रह सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी धरला आणि वालचंदांनी ती योजना उचलून धरली. 1939 मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी मात्र 1940 मध्ये करार झाला. तथापि ब्रिटिश सरकारने युद्धाचे कारण पुढे करून मोटार कारखान्याला साहाय्य नाकारले. हताश न होता त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळुरू येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमानांची कंपनी स्थापन केली.

नकाराचे परिणाम युद्धकाळातच दिसून आले. नव्या मोटारींची आयात जवळजवळ थांबली, पेट्रोलवर नियंत्रण आले, सुटे भाग दुर्मीळ झाले. काही वाहने कोळशाच्या वायूवर चालवावी लागली. आयात केलेल्या वैभवाचे चाक कोठे अडते, हे साऱ्या देशाला कळले.

1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डीसोटो आणि प्लिमथ ही वाहने बाहेर पडू लागली. सहा सिलिंडरांची, साध्या रचनेची ती अमेरिकी इंजिने दणकट होती. पण आरंभी येथेही मुख्यतः जोडणीच होती. खरे काम पुढे होते. 1949 पासून कंपनीने काही भाग स्वतः तयार करण्यास प्रारंभ केला. दुर्दैवाने त्याच वर्षी वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला आणि 1950 मध्ये त्यांनी उद्योगातून निवृत्ती घेतली. 1951 मध्ये कुर्ल्यात लहानशी फियाट 500 जोडली जाऊ लागली. 8 एप्रिल 1953 रोजी वालचंदांचे निधन झाले. त्याच वर्षी जकात आयोगाच्या शिफारशींनुसार, येथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच या व्यवसायात स्थान राहील, असे धोरण ठरले. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्सने 1954 मध्ये काम थांबविले. ज्या तत्त्वासाठी वालचंद झगडले, ते त्यांच्या पश्चात देशाचे धोरण बनले.

1954 पासून कुर्ल्यात फियाट 1100 आली. तिचीच वंशज असलेली प्रीमियर पद्मिनी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कोणत्याही नाक्यावरचा मिस्त्री तिचा कार्बोरेटर उघडून साफ करू शकत असे आणि भाग शेजारच्या दुकानात मिळत. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती ऑक्टोबर 2023 पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर होती. अर्थात या यशाला एक काळी कडाही आहे. संरक्षित बाजारपेठेत स्पर्धा नव्हती. ग्राहक वर्षानुवर्षे मोटारीची प्रतीक्षा करीत आणि हाती येई ते जुन्याच आराखड्याचे वाहन. दुरुस्ती सोपी होती हे खरे, पण ती वारंवार करावी लागे हेही तितकेच खरे. या साचलेपणाचा दोष 1953 मध्येच कालवश झालेल्या संस्थापकाच्या माथी मारणे मात्र न्याय्य ठरणार नाही.

आज उपनगरांतील उंच इमारतींच्या तळघरांत जर्मन आणि ब्रिटिश बनावटीच्या आलिशान मोटारी उभ्या असतात. त्यांतील अनेकींची जोडणी भारतातच होते, तरी महत्त्वाचे भाग बाहेरूनच येतात. डझनावारी संगणकीय नियंत्रक, हवेच्या दाबावर तोललेले सस्पेन्शन आणि असंख्य संवेदक यांमुळे नाक्यावरच्या मिस्त्रीचा हात तेथे चालत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या वैभवाची कसोटी लागली. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे बुडालेली मोटार चालू करण्याचा प्रयत्न केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतात आणि इंजिन निकामी होते. लहान असो वा महाग, हा नियम सर्व मोटारींना सारखाच. फरक पडतो तो पुढील खर्चात आणि प्रतीक्षेत.

वालचंदांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वाहनांचे उद्योग देशात उभे केले. कोणतेही यंत्र कितीही उंची असले, तरी ते बिघडल्यावर दुरुस्त करण्याचे ज्ञान आणि त्याचे भाग आपल्या हाती नसतील तर मालकी अपुरीच राहते. कुर्ल्यातील कारखाना गेला, पद्मिनी गेली, पण त्यांनी आपल्या कार्यातून मांडलेला हा प्रश्न प्रत्येक नव्या मोटारीबरोबर पुन्हा आपल्या दारात येऊन उभा राहतो.