भुशाला मोल देणारा रसायनतज्ज्ञ

जुन्या घरांतील काळी विजेची बटणे, जडशीळ टेलिफोन आणि कुकरची न तापणारी मूठ यांच्या पोटात बहुधा लाकडाचा भुसा दडलेला असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भुशाला ही प्रतिष्ठा मिळवून दिली ती लिओ बेकलंड यांनी.

बेल्जियममधील गेंट येथे १४ नोव्हेंबर १८६३ रोजी एका चांभाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. आई मोलकरीण होती. शिष्यवृत्तीवर शिकून विशीच्या उंबरठ्यावरच त्यांनी रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली आणि पुढे आपल्या प्राध्यापकांच्या कन्येशी, सेलीन यांच्याशी विवाह केला. १८८९ मध्ये हे दांपत्य अमेरिकेत गेले. कृत्रिम प्रकाशात छापता येणारा 'व्हेलॉक्स' हा छायाचित्रण-कागद बेकलंड यांनी तयार केला. तो व्यवसाय १८९९ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी मोठी रक्कम मोजून विकत घेतला. आयुष्यभर स्वस्थ बसता येईल एवढा पैसा हाती आला होता. बेकलंड मात्र स्वस्थ बसले नाहीत. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स येथील घराच्या आवारात त्यांनी प्रयोगशाळा थाटली.

वीजउद्योगाला तेव्हा विद्युतरोधक म्हणून लाख हवी होती. ती प्रामुख्याने हिंदुस्थानातून, लाखेच्या किड्यांपासून मिळे आणि मागणीला पुरी पडत नसे. फिनॉल व फॉर्मल्डिहाइड एकत्र आले की चिवट राळ तयार होते, हे जर्मन शास्त्रज्ञ बायर यांनी १८७२ मध्येच पाहिले होते. पण भांड्याला चिकटून बसणारा तो गोळा संशोधकांना उपद्रवच वाटे. बेकलंड यांनी आधी त्यापासून लाखेला पर्याय काढून पाहिला. त्याला बाजारात यश आले नाही.

१९०७ च्या जूनमध्ये ते मऊ लाकडात ही रसायने मुरवून ते टणक करू पाहत होते. लाकडापेक्षा बाहेर झिरपलेली राळच अधिक कठीण निघाली! मग उष्णता आणि दाब एकाच वेळी देऊन त्यांनी ती प्रक्रिया काबूत आणली. नुसती राळ मात्र ठिसूळ होती. आपटली की तडकायची. यावर उतारा सापडला तो पुन्हा लाकडातच. लाकूड गिरण्यांतील टाकाऊ भुशाचे बारीक पीठ राळेत मिसळले की त्यातील तंतू राळ शोषून धक्का सोसतात, साच्यात वस्तू कमी आक्रसते आणि महाग राळही वाचते. कित्येक मिश्रणांत हे पीठ निम्म्याच्या आसपास असे. ८ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये रसायनतज्ज्ञांसमोर त्यांनी 'बेकेलाइट' जाहीर केले. १९१० मध्ये कंपनी उभी राहिली.

बेकेलाइट एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही, ही त्याची उणीवच म्हणावी लागेल. आज बाकांसाठी व फरशीसाठी वापरल्या जाणाऱ्या लाकूड-प्लॅस्टिकच्या फळ्यांत भुसा तोच, पण प्लॅस्टिक पुन्हा वितळणारे असते.

पुत्राला व्यवसायात रस नव्हता. १९३९ मध्ये बेकलंड यांनी कंपनी युनियन कार्बाइडला विकली. उतारवयात ते एकलकोंडे झाले होते. डब्यातले अन्न डब्यातूनच खात. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.